दाखला

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाकडे २००७ सालची पेट्रोलवर चालणारी मोटार आहे. घरातील वडीलधारे, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, ती अजूनही स्वतः चालवतात. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या नोंदणीचे रीतसर नूतनीकरण झाले होते आणि दर सहा महिन्यांनी पीयूसीचा दाखलाही विनासायास मिळत असे. यंदा मात्र तो नाकारला गेला. धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, यंत्राने आकडा दाखवला २.१.

धाकटा मुलगा म्हणाला, "अण्णा, ओळखीतून गाडी न नेताही दाखला मिळेल. उगाच दहा हजारांचा दंड बसायला नको."

अण्णा काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "दुकानातला काटा आपण दरवर्षी तपासून शिक्का मारून घेतो. काटा चुकीचा निघाला, तर तो दुरुस्त करतो की नुसता शिक्का विकत आणतो?"

मुलाकडे उत्तर नव्हते. अण्णांच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. रोज सकाळी गोदामापुढे गाडी सुरू ठेवूनच ते कुलूप उघडायला उतरत. कामाची वाट पाहणारे हमाल मागच्या पायरीवर बसलेले असत. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो गुपचूप घेतो. हे किती दिवस चालले होते, याचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता.

गाडी नेहमीच्या मिस्त्रींकडे गेली. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलावा, असा सल्ला कोणी दिला होता. मिस्त्री म्हणाले, "शेठजी, ती वस्तू महागाची आहे. मूळ दोष तसाच राहिला, तर नवीनही खराब होईल. आधी कारण शोधू."

एअर फिल्टर धुळीने भरला होता, पण तेवढ्याने आकडा इतका चढत नाही. प्लगवर काळी काजळी होती, म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होते. अखेर थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याचे आढळले. त्यामुळे इंजिन पुरेसे तापत नव्हते आणि गाडीतील संगणक ते थंड समजून जादा पेट्रोल सोडत होता.

थर्मोस्टॅट, फिल्टर आणि प्लग बदलले. तरीही आकडा ०.८ आला. मुलाचा चेहरा उतरला. मिस्त्री हसून म्हणाले, "घर ते दुकान एवढीच हिची धाव. कन्व्हर्टर सुमारे तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. तासगावपर्यंत जाऊन या आणि थेट तपासणीला न्या."

पितापुत्र तासगावला जाऊन आले. आकडा आला ०.३. सगळा खर्च दंडाच्या निम्म्याहूनही कमी झाला होता.

मुलाने तो दाखला काट्याच्या प्रमाणपत्राशेजारी फाइलमध्ये लावला. दुसऱ्या दिवशी गोदामापुढे अण्णांनी आधी इंजिन बंद केले, मगच ते कुलपाकडे वळले. पायरीवरच्या हमालांना त्यात काही वेगळे जाणवलेही नसेल.