एकच वाक्य

तुम्ही कधी शाळेच्या नाटकात काम केले आहे का? मी केले होते. मला एकच वाक्य होते, "महाराज, दूत आला आहे!" रागाने मी ते कसेबसे पुटपुटलो. शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला ते ऐकूच गेले नाही.

पुढे मी उहुराविषयी वाचले. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकेतील विज्ञानमालिका १९६६ साली सुरू झाली. तिच्यातील अवकाशयानावर उहुरा ही अधिकारी असते. दूरच्या यानांशी संपर्क साधणे हे तिचे काम. 'उहुरू' म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. तुमच्या उर्दूतील 'हुर्रियत' हा शब्द त्याचाच भाऊबंद!

निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्री उहुरा झाल्या होत्या. वाट्याला वाक्ये थोडीच येत. म्हणून त्यांनी मालिका सोडायचे ठरवले. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले आणि म्हणाले, की तुम्ही जाऊ नका. त्या काळी पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्री बहुधा मोलकरीणच दिसे. इथे ती अधिकारी होती. निकोल्स थांबल्या.

शिकागो शहरातील मे जेमिसन ही मुलगी ती मालिका पाहत असे. उहुराला पाहून तिला हुरूप येई. ती डॉक्टर झाली आणि १९९२ साली अंतराळात गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय.

मित्रांनो, तुम्हांला एकच वाक्य मिळाले, तर तेही स्पष्ट आणि मोठ्याने म्हणा. शेवटच्या रांगेत कोणीतरी कान देऊन बसलेले असते.