मागे धावू नका

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी पिकलबॉल खेळू लागले आणि दोनच महिन्यांत मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी बसले. तरीही हा खेळ आपण खेळावा असेच मी सांगणार आहे. मात्र माझी चूक टाळून.

१९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्माला आला. मैदान बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच, ४४ फूट लांब व २० फूट रुंद. हाती टेबल टेनिसच्या बॅटीहून मोठे पॅडल, आणि चेंडू छिद्रे असलेला, प्लास्टिकचा. सर्व्हिस कमरेखालून, तिरकी करायची. त्यानंतर दोन्ही बाजूंना चेंडूचा एकेक टप्पा पडू द्यावाच लागतो. जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. तेथे उभे राहून चेंडू हवेतच टोलवता येत नाही. ११ गुण आणि दोनांची आघाडी झाली की डाव संपतो. येथे ताकदीपेक्षा संयम अधिक उपयोगी पडतो.

तोच माझ्याजवळ नव्हता. तरुणपणी बॅडमिंटन खेळल्याचा अभिमान नडला. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी, नजर वर ठेवून, मी उलट्या पावलांनी धावले आणि पडले. मुलाने पॅडल माळ्यावर टाकले. त्याची भीती खोटी नव्हती. पण प्लास्टर निघाल्यावर एक जिना चढताना माझ्या मांड्या थरथरू लागल्या. मोडला होता हात. पाय मात्र बसून दुबळे झाले होते. हे त्यालाही दिसले. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली, तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, परवानगी दिली. मग पॅडल त्यानेच खाली काढले.

आपणही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. चालण्याचे नव्हे, कोर्टवर खेळण्याचे बूट घाला. दहा मिनिटे अंग मोकळे करा. ओल्या कोर्टवर उतरू नका. दुहेरीच खेळा. चेंडू मागे गेला तर अंग वळवून, समोर पाहत जा. नाहीतर सोडून द्या. घरच्यांना माझी विनंती आहे, की ‘खेळू नका’ म्हणण्याऐवजी एकदा सोबत या.

परवा असाच एक चेंडू डोक्यावरून गेला. मी जागची हलले नाही. गुण गेला. पुढच्या सर्व्हिससाठी मी उभी होते.