एक्स्पायर

मृत्यूचा निरोप घेऊन धर्मग्रामातील माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा आताशा बहुधा एकच शब्द कानी पडतो: 'बाबा एक्स्पायर झाले.' इस्पितळात डॉक्टर तोच शब्द उच्चारतात, घरचेही तोच उचलतात. त्यात कुणाचा दोष नाही. दुःखाच्या घटकेला परभाषेतील शब्द कमी पोळतो. परंतु हाच शब्द औषधाच्या पाकिटावर आणि पासपोर्टवरही लागू होतो. मुदत सरली, वस्तू निरुपयोगी झाली! बापाला आणि गोळीला एकच क्रियापद लागावे, हे आमच्या मनाला खटकते.

वास्तविक हा शब्द मूळचा वाऱ्याच्या कुळातला. लॅटिनमध्ये 'स्पिरारे' म्हणजे फुंकणे, श्वास घेणे. 'एक्स' म्हणजे बाहेर. श्वास बाहेर सोडणे एवढाच त्याचा अर्थ. मुदतीचा अर्थ त्यावरून निघाला. 'कॉन्स्पायर' हे त्याचेच भावंड. त्याचा अर्थ एकत्र श्वास घेणे, पण माणसांनी त्याचा कट करून टाकला! 'स्पिरितुस' म्हणजे श्वास, वारा आणि आत्माही. हिब्रूतील 'रुआह' तसाच तिपेडी. आपल्या 'प्राण' शब्दातील 'अन्' धातूही श्वासाचाच, आणि प्राण आपण 'सोडतो'.

संत जेरोमच्या लॅटिन बायबलात मार्क (१५:३७) आणि लूक (२३:४६) येशूच्या मृत्यूसाठी हेच क्रियापद योजतात. झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन तेथवर आले की सारे मंदिर गुडघे टेकून स्तब्ध होते. मुदत संपली म्हणून का? पुनरुत्थानाच्या सायंकाळी तोच प्रभू शिष्यांवर श्वास फुंकतो (योहान २०:२२). क्रिझ्मा तेलाच्या आशीर्वादविधीत बिशप तेलाच्या भांड्यावर फुंकर घालतात, आणि त्याच तेलाने स्नानसंस्काराच्या वेळी आपल्या बालकांचे मस्तक अभ्यंगिले जाते. सोडलेला श्वास वाया गेलेला नसतो, अशी ही श्रद्धा.

रुग्णाभ्यंगासाठी गेलो असता आम्ही अनेकदा पाहिले आहे. दोन श्वासांतील अंतर वाढत जाते. लेक छातीवर हात ठेवून बसलेली असते, रोझरी मध्येच थांबते. एक दीर्घ उच्छ्वास बाहेर पडतो आणि पुढचा आत येत नाही. मग कुणीतरी हळूच म्हणते, 'गेले.' त्या खोलीत 'एक्स्पायर' हा शब्द आम्ही अद्याप ऐकलेला नाही. तो बाहेर ओटीवर, टेलिफोनवर सुरू होतो.