पामबीचवरचं पठार

पामबीच रोडवर बीच नाही, हा नवी मुंबईतला जुना जोक. वाशीपासून बेलापूरपर्यंत जवळपास 10 किलोमीटर, एका बाजूला खाडीतली खारफुटी, दुसऱ्या बाजूला टॉवर्स आणि मधे एकदम सपाट रस्ता. चढ म्हणजे काय हे पायांना कळतही नाही. सकाळी साडेपाच-सहाला या रस्त्याच्या आजूबाजूला अर्धं शहर वजन उतरवायला बाहेर पडलेलं असतं. वाशीत मिनी सीशोर आणि सागरविहार, नेरूळमध्ये ज्वेल ऑफ नवी मुंबई. कानात इअरफोन खुपसलेले आयटीवाले, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, हात मागे बांधून शेअर मार्केटवर बोलणारे आजोबा. आणि बाहेर पडताना कारलं-दुधी-आवळ्याचा ज्यूस. त्याच्याच शेजारी पोहे आणि इडलीचं पातेलं. कुठल्या स्टॉलवर गर्दी जास्त, हे सांगायलाच हवं का?

थोडे दिवस रेग्युलर गेलात की लोक ओळखीचे होतात आणि मग तोच एक संवाद ऐकू येतो.

‘काय काका, किती उतरलं?’

‘अरे कसलं काय! गणपतीपासून काटा ढिम्म हलला नाही बघ.’

इंग्रजीत याला प्लॅटो म्हणतात, आपल्याकडे पठार. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, ऑफिसात लोक ‘बारीक झालास रे’ म्हणतात आणि मग एक दिवस सगळं थांबतं. डाएट तेच, घाम तेवढाच, काटा मात्र जागच्या जागी. बहुतेकांची गाडी सहाव्या महिन्याच्या आसपास अडते. माझी पाचव्यातच अडली. 82 वरून 74, आणि मग सलग अकरा आठवडे 74. हौसेचा मामला असता तर सोडून दिला असता. पण ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी 6.1 आला होता, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. बाबांची साखर एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू झाली. मी छत्तीसचा. हिशेब सोपा आहे.

मग हे पठार येतं कुठून? उत्तर समजून घ्यायला नवी मुंबईसारखं शहर नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून हे शहर उभं राहिलं. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वर असते, तेव्हा पावसाचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून होल्डिंग पाँड बांधले. भरती आली की झडपा बंद, पाणी आत साठतं. ओहोटी लागली की सोडायचं. मिनी सीशोरचं तळं काय किंवा ज्वेलचं काय, आपण ज्यांच्या काठाने चकरा मारतो ती हीच व्यवस्था आहे. शरीरही असंच वागतं. खाणं कमी झालं की त्याला वाटतं, बाहेर काहीतरी गडबड आहे. ते झडपा लावून घेतं.

अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा टीव्ही शो होता, त्यात लोक काही महिन्यांत डझनावारी किलो उतरवायचे. केव्हिन हॉल या संशोधकाच्या टीमने त्यातल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर आरामात असताना त्यांच्या आकाराच्या माणसाने जाळायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! क्रॅश डाएटवाल्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

इतकं टोक सोडा, साधं गणित बघा. चालण्याचा खर्च साधारण वजनाच्या प्रमाणात असतो. 82 चा माणूस 74 वर आला की त्याच सागरविहारच्या चकरांवर जवळपास दहा टक्के कमी जळतं. वर डाएटवर असलेला माणूस नकळत दिवसभर हलतोही कमी. आणि हलायला आपलं शहर लावतंय कुठे? सोसायटीच्या गेटवरून कॅब, महापे किंवा ऐरोलीत लिफ्ट, नऊ तास खुर्ची, परत कॅब. सकाळचा तासभर घाम बाकीच्या तेवीस तासांशी एकटा भांडत असतो.

बरं, खाण्याचं काय? 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘काही केलं तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांची काटेकोर तपासणी झाली. मेटाबॉलिझम नॉर्मल निघाला. मात्र खाल्लेल्यातलं सरासरी 47 टक्के त्यांनी सांगितलंच नव्हतं, आणि व्यायाम दीडपट सांगितला होता. खोटं बोलत होते असं नाही, खरंच लक्षात राहत नाही. चहाबरोबरची दोन खारी, मुलाच्या ताटातला उरलेला पराठा, कोणाच्या तरी बर्थडेचा केक. दीक्षित की दिवेकर, यावर आपल्याकडे घराघरांत वाद झाले, पण या खारीचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

अशा वेळी लोक अजून एक चपाती कमी करतात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट उपाय. झडप आणखी घट्ट होते, चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे स्नायूंची आधीच बोंब. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काटा दोघांना एकच सांगतो, पोट वेगळं. म्हणून भारतीयांसाठी कंबरेचा आकडा महत्त्वाचा: पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. (महिनोन्महिने काहीच हलत नसेल तर थायरॉइडची टेस्टही करून घ्या, गूगलला विचारत बसू नका.)

मी खाणं होतं तेवढंच ठेवलं, आठवड्यात दोन दिवस वजनं उचलायला लागलो आणि रस्ता बदलला. पामबीचच्या पठाराला कंटाळलेल्यांसाठी डोंगर लांब नाहीत. बेलापूरचा पारसिक हिल तर शहरातच, डांबरी रस्त्याने वर चढायचं, मागे वळलं की खाडी दिसते. खरी मजा खारघरच्या डोंगरावर. फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ता असा चढतो की पहिल्या दिवशी गप्पा मारणारे दुसऱ्या वळणावर गप्प होतात. इअरफोन काढावेच लागतात, स्वतःचाच श्वास इतका मोठा ऐकू येतो. आपण धापा टाकत वर जात असतो आणि वरच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर भाजीची पाटी घेऊन, एकमेकींशी बोलत आरामात खाली उतरत असतात. त्यांच्याकडे स्मार्टवॉच नसतं. फक्त पावसाळ्यात जपून. पांडवकड्याला आणि आसपासच्या धबधब्यांवर दरवर्षी बंदी घालतात आणि ती उगाच नसते.

आता तीन महिने झाले. काटा म्हणतो 73. म्हणजे फक्त एक किलो. कंबर 96 वरून 91 वर आलीय, आणि तिसऱ्या वळणापर्यंत बोलता येतं. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.