आलेखाच्या काठावरची अक्षरे

आलेख पाहणारा माणूस आधी रेषा पाहतो. रेषेच्या काठावर काय लिहिले आहे ते तो सर्वांत शेवटी वाचतो, आणि कित्येकदा वाचतही नाही. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक, त्यामुळे आमची सवय नेमकी उलटी. आधी अक्षरे, मग वेळ उरला तर चित्र. बहुधा याच कारणाने आमच्या संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी काही आलेख आम्हां दोघांपुढे आणून ठेवले. नवापूर तालुक्यातील अंगणवाडी सेविकांसाठी विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रके करायला घेतली होती. आडव्या अक्षावर बालकाचे वय, उभ्या अक्षावर वजन, आणि मधून वर चढत जाणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली ठरवून दिलेल्या मानकांच्या रेषा. अक्षांवरची नावे मात्र इंग्रजी. ती मराठीत करून द्यावीत, एवढीच विनंती होती.

हे आलेख 'आर' नावाच्या संगणकभाषेत काढलेले होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ही भाषा घडवली, तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आलेखावर गणिती चिन्हे कशी उमटवावीत, याची रीत पॉल मरेल आणि इहाका यांनी त्याच वर्षी एका निबंधात मांडली. ती समजून घेताना आम्हांला गणितापेक्षा व्याकरणच अधिक आठवत राहिले. नेहमीचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवायचे. अवतरणाबाहेर जे लिहाल ते गणित. कॅरेट लावला की घातांक वर चढतो, चौकटी कंसातला अंक अक्षराच्या पायाशी जाऊन बसतो, दोन बरोबरची चिन्हे लागोपाठ लिहिली की छापताना एकच उमटते, आणि दोन पदांमध्ये जागा हवी असेल तर ~ असे नागमोडी चिन्ह घालावे लागते. एरवी ही भाषा दिसेल त्या बेरजेचे उत्तर काढत सुटते. येथे मात्र 'एक्स्प्रेशन' या शब्दाच्या कंसात घातलेले पद ती सोडवत नाही, नुसते मांडते. वाक्याचा अर्थ न लावता त्याची रचना तेवढी दाखवणे, हे काम आम्ही वर्गात फळ्यावर वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

या रीतीत 'सिग्मा' हे नाव रोमन लिपीत संपूर्ण लिहावे लागते आणि कागदावर उमटते एकच ग्रीक अक्षर. हे पाहताना भास्कराचार्यांची आठवण येणे खानदेशात तरी अपरिहार्य आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला. लेख संस्कृत, पण त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, म्हणून तो आमच्याही विषयाचा. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे आहेत आणि मांडणीत त्यांची पहिली अक्षरे तेवढी येतात : या, का, नी, पी. वर्गासाठी व, घनासाठी घ. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. म्हणजे चिन्ह हे शब्दाचेच आखूड रूप. वाचणाऱ्याला मूळ शब्द ऐकू येत राही. आमच्या आधीच्या पिढ्यांनी शाळेत 'क्ष' आणि 'य' सोडवले. आता तो क्ष किरणांपुरता उरला आहे. सिग्मा पाहून कोणता मराठी शब्द ऐकू येतो? 'प्रमाण विचलन'. हा शब्द आम्ही एका सेविकाबाईंसमोर उच्चारला, तेव्हा त्यांनी कोणाचे चित्त विचलित झाले, असे विचारले. त्यांचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही.

देवनागरीचा पुढचा अनुभव टिंबांचाच, पण निराळ्या. 'आर'ची पीडीएफ करण्याची नेहमीची वाट देवनागरी जाणत नाही. अक्षराच्या जागी ती टिंबे टाकते. संगणकाच्या साठवणीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा, आणि जुन्या आवृत्त्या प्रत्येक बाइटाला एक टिंब देत. 'वजन' या तीन अक्षरांची नऊ टिंबे! कैरो नावाच्या दुसऱ्या वाटेने गेले म्हणजे जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी येतात. घातांकाचा प्रश्न तरीही उरतोच. 'मी²' मधला दोन युनिकोडमध्ये तयार मिळतो, देवनागरी २ तसा मिळत नाही. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडात २००९ साली आले खरे, परंतु ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी. क्षेत्रफळाचे घोडे तेथे अडते. मग अवतरणातला २ कॅरेटने वर चढवायचा.

हे सारे हौसेचे वाटेल. पण आमच्यापुढच्या आलेखात सर्वांत महत्त्वाचे चिन्ह उणे हे होते. बारा महिन्यांच्या मुलग्याचे मध्यक वजन या मानकांनुसार ९.६ किलो, उणे दोनची रेषा ७.७ वर, उणे तीनची ६.९ वर. उणे दोनच्या खाली कमी वजन, उणे तीनच्या खाली तीव्र कमी वजन. अधिक दोनची रेषा त्याच कागदावर १२ किलोवर असते. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचे नाव वारंवार येते, तेथे ही आडवी रेघ पुसट होऊन चालत नाही. पहिल्या नमुन्यात ती शब्दजोड-रेघेइतकी तोकडी होती आणि एके ठिकाणी ओळीच्या शेवटी राहून अंक खालच्या ओळीवर उतरला होता. विद्यार्थ्यांनी ती अवतरणाबाहेर काढली आणि देवनागरी २ अवतरणात ठेवला, कारण 'आर'च्या लेखी तो अंकच नव्हे. तेव्हा खरे, पुरेसे लांब उणे उमटले आणि अंकाला चिकटून राहिले.

सिग्मा ठेवावा की नाही, यावर आम्हां दोघांत मतभेद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एकाचे म्हणणे, चिन्ह काढून टाकणे म्हणजे सेविकांना कमी लेखणे. ज्या हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा रोज वाचतात त्या एक ग्रीक अक्षरही वाचतील. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याचा उच्चार आईला समजावून सांगता येत नाही ते अक्षर आईसाठी टांगलेल्या कागदावर कशाला? आई घरी बहुधा मावची बोलते, मराठीही तिला दुसरीच. आमच्या रेल्वे स्थानकावर दोन राज्यांच्या सीमेमुळे चार भाषांत घोषणा होतात. मावची त्या चारांत नाही.

शेवटी भित्तिपत्रकावर सिग्मा राहिला, उजव्या कोपऱ्यात, लहान. रेषांच्या टोकांना उणे २ आणि उणे ३, आणि त्यांच्याशेजारी बारा महिन्यांचे किलो ठळक अंकांत. वर्गातल्या मावची बोलणाऱ्या मुलींनी 'वजन' या शब्दाखाली एक ओळ मोकळी सोडायला लावली. तेथे कोणता शब्द लिहायचा आणि तो देवनागरीत कसा लिहायचा, यावर त्यांची आपापसांत चर्चा चालू आहे. आम्हांला त्यांनी अद्याप विचारलेले नाही.