वन्समोरसाठी परत आलेला नट

प्रिय नंदू,

मेलबर्नहून आलेलं तुझं पत्र वाचलं. 'बर्डमॅन' तुला एवढा आवडला, की दोन पानं त्याच्यावरच! सिनेमातून उतरलेला नट नाटक करून पुन्हा नाव मिळवू बघतो, ही गोष्ट तिकडची खरी. पण अगं, आपल्याकडे हे उलट्या दिशेनं, रंगभूमीवरून सिनेमाकडे, १९३५ सालीच घडलंय आणि तेही पुण्यात.

म्हणून मी परवा 'बालगंधर्व' हा चित्रपट पुन्हा लावला. २०११ चा, रवी जाधवांचा. सुबोध भावे पदर सावरतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. आनंद भाटेंना गाण्यासाठी आणि विक्रम गायकवाडांना रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते उगीच नाही. माझी तक्रार एकच. वैभवाचे दिवस, शालू, अत्तरं सगळं सावकाश दाखवलंय आणि उतरती वर्षं मात्र भराभर उरकलीत. मला तर तीच बघायची होती.

विचार कर, स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांची कर्जानं पिचलेली नाटक कंपनी, वय सत्तेचाळीस. प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ नुकता कोल्हापूरहून पुण्यात आलेला (आता तिथेच फिल्म इन्स्टिट्यूट आहे). दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यांना 'धर्मात्मा' सिनेमात संत एकनाथ केलं. शालू-नथीत अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलेला माणूस पडद्यावर पुरुष म्हणून उभा! सिनेमाचं मूळ नाव 'महात्मा', पण सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते बदलावं लागलं. त्या एका चित्रपटानंतर गंधर्वांनी प्रभात सोडलं. १९३७ मध्ये त्यांची 'साध्वी मीराबाई' पडद्यावर आली, पण तिनेही दिवस पालटले नाहीत. ते नाटकाकडेच वळले.

लोक याला हट्ट म्हणतात. मला तसं वाटत नाही. कॅमेऱ्यापुढे रीटेक मिळतो, वन्समोर नाही मिळत. ज्यानं एकेक पद पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्यानं गायलं, त्याला समोर माणसंच नसतील तर गळा चालणार कसा?

पण काळ थांबला नव्हता ना! १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. हिराबाई बडोदेकर रंगमंचावर गात होत्या. अशा वेळी पन्नाशीला टेकलेल्या पुरुषानं नाटकातली नायिका सिंधू व्हायचं! पुढे गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या, नायिका झाल्या, आणि कुजबुज वाढली. गंधर्वांचे पाय निकामी झाले, तरी बसून भजनं गाणं सुटलं नाही. १९६४ साली पद्मभूषण मिळालं, तेव्हा कंपनी कुठे उरली होती?

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झालं. १५ जुलै १९६७ ला ते गेले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिराचं उद्घाटन झालं. आता ते पाडून नवं बांधायच्या गोष्टी अधूनमधून निघतात. आपल्या महापालिकेला स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय!

असो. तू आधी त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐक, सिनेमा मग बघ. आणि त्यांनी प्रभात सोडलं ते चुकलं का, हे मला स्पष्ट लिही. गुळमुळीत उत्तर चालणार नाही.

तुझीच,
माई