पत्र्याची आतली बाजू

मोठी गाडी पुण्याच्या बुधवार पेठेत शिरत नाही. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांची गर्दी आणि तपकीर गल्लीत वायरींची भेंडोळी, त्यातून स्कूटर काढायची तरी वाट बघावी लागते. कॅराव्हॅनचा अठरा फुटी ट्रेलर इथे आणण्याचा विचारही कोणी करणार नाही. म्हणून माझी शेड शहराबाहेर, सोलापूर रस्त्याच्या कडेला आहे. पण मी राहतो पेठेत, आणि प्रत्येक दुरुस्ती सुरूही इथूनच होते. मागचे दिवे, वायर आणि कनेक्टर तपकीर गल्लीतून घ्यायचे. रिव्हेट, ड्रिलची पाती, कानशी, पॉलिशपेपर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. बिजागऱ्या आणि रबरी पट्ट्या नाना पेठेत शोधायच्या. सामानाची पिशवी भरता भरता काम डोक्यात उलगडत जातं: कुठून उघडायचं, काय वाचवायचं, काय काढून टाकायचं.

माझे उस्ताद एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले होते. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली, तिची बॉडी लाकडी आणि छत कापडाचं होतं. पुढे ॲल्युमिनियमचे पत्रे आले, आणि अलीकडे पोलादी बॉडीच्या गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. उस्तादांनी आयुष्यभर लाल गाड्यांच्या कुशी सरळ केल्या. त्यांच्याकडे शिकायला लागलो तेव्हा हातोडी हातात यायला बराच काळ गेला. आधी मिळाली ती बॅटरी. गाडी आली की म्हणायचे, "अरे, बाहेरून तर मालकालाही दिसतंय. तू आत जा आणि आतून बघ." माझ्या धंद्याचा पाया मी आजही हाच मानतो. बाहेरचा पत्रा कुठे चेपला हे सगळ्यांना दिसतं. तो कशावर टेकला होता, त्यामागे काय कुजलं आणि पाणी कुठून आलं, हे पाहायला पत्र्याच्या आत शिरावं लागतं.

2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि घरासारख्या सजवलेल्या गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या. त्याआधीही चाकांवरची घरं आम्ही हाताळत होतोच. नाटक कंपन्यांच्या बसगाड्या, तमाशाच्या फडांचे ट्रक, फिरते दवाखाने यांचे पत्रे याच हातांनी बदलले. पण कॅराव्हॅनमध्ये एक अडचण जास्त असते. बसला आतून अस्तर थोडं असतं. कॅराव्हॅनमध्ये बाहेरचा पत्रा, मग पोलादी बॉक्सपाइपचा किंवा लाकडाचा सांगाडा, त्यात भरलेला फोम, आतून प्लायवूड आणि त्यावर कपाटं. पत्र्यामागे काय चाललंय हे वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही.

कोकणातून परतणाऱ्या एका ट्रेलरचं उदाहरण सांगतो, कारण अशी गाडी दर पावसाळ्यानंतर येतेच. घाटात मागचा डावा कोपरा दरडीला घासला होता. दिव्याखाली हातभर पत्रा आत गेला होता आणि एका ठिकाणी फाटला होता. मालकांनी विचारलं, "तेवढा तुकडा बदलून द्याल ना?" मी आत गेलो. कपाटाच्या मागच्या प्लायला अंगठा लावला तर तो आत रुतला. वासही कुबट येत होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालपासून वरपर्यंत ठोकत गेलो. कोरड्या जागी ठणठणीत आवाज येतो, ओल्या जागी तो बसका होतो. ओल धक्क्याच्या जागेपेक्षा बरीच वर, मागच्या दिव्यापर्यंत गेली होती. दिव्याच्या बैठकीची रबरी कड सुकून तडकली होती आणि त्या फटीतून प्रत्येक पावसाचं पाणी सांगाड्यावर उतरत होतं. दरडीने फक्त पत्रा फाडला. खालचा कोपरा आधीच गेलेला होता. तेवढाच तुकडा बदलला असता तर नव्या पत्र्याचे रिव्हेट गंजलेल्या पाइपात बसले असते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढिले झाले असते.

म्हणून धक्का बसलेल्या गाडीचे आधी कर्ण मोजायचे. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन्ही अंतरं सारखी आली तर सांगाडा सरळ आहे. फरक पडला तर चौकट तिरकी झाली आहे, आणि अशा चौकटीवर नवा पत्रा बसवला की तो पहिल्याच खडबडीत रस्त्यावर सुरकुततो. हे कळल्यावरच ठरवता येतं की पोचा ठोकून काढायचा, तुकडा टाकायचा की सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण पत्रा बदलायचा.

पोचा काढण्याची विद्या पेठेच्या शेजारीच मुरलेली आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. ओळीने पडणाऱ्या त्या ठोक्यांनी भांडं नुसतं चमकत नाही, तांबं कडकही होतं. लहानपणी शाळेतून येताना ते ठोके कानावर पडायचे, आणि ठोके खाऊन धातूचा स्वभाव बदलतो हे मला पुस्तकाच्या आधी तिथे कळलं. पत्र्याचंही तसंच आहे. मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून पुढून हातोडी मारली की पोचा उठतो, पण प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा ताणला जातो आणि थोडा ताठरतो. अति ठोकलेल्या पत्र्याचं क्षेत्रफळ वाढतं, त्याला मावायला जागा उरत नाही. मग तो बोटाने दाबला की टक्कन आत जातो आणि सोडला की टक्कन बाहेर येतो. अशा पत्र्यावर कितीही पुट्टी भरा, ती तडकणारच.

पोलादी पत्र्याचा हा ताण काढता येतो. नाण्याएवढा ठिपका गॅसच्या ज्योतीने लाल करायचा, भोवतीने हलके ठोके द्यायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायचं. ठिपका आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढून घेतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत डोळ्यावर विसंबता येत नाही. ते 660 अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन सावध करत नाही. म्हणून त्यावर आधी अंगाचा साबण घासायचा. साबणाची रेघ तपकिरी-काळी पडली की पत्रा नरम झाला, ज्योत लगेच बाजूला. हे करण्याआधी गॅस सिलिंडर गाडीतून उतरवायचा, बॅटरीची वायर सोडवायची आणि मागचा फोम काढायचा, कारण फोम पेटला तर त्याचा धूर जिवावर बेततो. या तीन गोष्टींत मी कोणाचंही ऐकत नाही, मालक कितीही घाईत असोत.

पत्रा फाटला असेल, कडेची घडी मोडली असेल किंवा मागची बाजू पांढऱ्या पुडीने खाल्ली असेल तर ठोकत बसण्यात अर्थ नाही. ती पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं, त्यातही कोकण किनाऱ्याचं खारं पाणी, की दोन धातूंत वीज खेळू लागते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून नवा पत्रा चढवण्याआधी पाइपावरचा सगळा गंज घासून काढायचा, प्रायमर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि पत्रा टेकणार तिथे ब्युटिल रबराची पट्टी लावायची. धातूला धातू भिडता कामा नये. साध्या पॉप रिव्हेटमध्ये पोलादी खिळ्याचं टोक आत अडकून राहतं. ते गंजलं की पांढऱ्या गाडीवर प्रत्येक रिव्हेटखाली तपकिरी ओघळ दिसतो. थोडे पैसे जास्त पडले तरी स्टेनलेस खिळ्याचे, बंद तोंडाचे रिव्हेट वापरावेत.

पत्रा बसवताना उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. पाच मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांनी तापला की साधारण साडेचार मिलिमीटर वाढतो, तेवढंच पोलाद जेमतेम अडीच. डिसेंबरच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत पुण्यात उभ्या गाडीचा पत्रा याहूनही जास्त फरक सोसतो. त्याला सगळीकडून जखडलं तर तो भोकं लांबट करतो, रिव्हेट कापतो किंवा फुगतो. म्हणून मधल्या पट्ट्यांवर पीयू सीलंटचा तीनेक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. तो धरूनही ठेवतो आणि सरकूही देतो. कडेचं भोक पत्र्याच्या किनाऱ्यापासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवं, नाहीतर किनारा फाटतो. आणि जोड देताना कौलं शाकारल्यासारखा क्रम पाळायचा: वरचा पत्रा खालच्यावर, पुढचा मागच्यावर. मग पाऊस आणि समोरचा वारा दोन्ही सांध्यावरून घसरून जातात. सिलिकॉन मात्र बाहेरच्या अंगाला लावू नये. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढच्या कारागिराला ते खरवडून काढणं फार जड जातं.

फायबरच्या बॉडीचं काम वेगळं. तिथे ठोकायचं काही नसतं. तडा गेलेल्या जागेची कड उतरती घासायची, दोन मिलिमीटर जाडीला निदान चोवीस मिलिमीटर उतार, म्हणजे बारास एक. मग काचेच्या मॅटचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवायचे आणि प्रत्येक थरातली हवा रोलरने काढायची. हवेचा ओलावा पॉलिस्टर रेझिनला मानवत नाही, म्हणून पावसाळ्यात हे काम मी बंद शेडमध्ये दिवे लावून करतो. पीयू सीलंट उलट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

आत जाणं टाळताच येत नाही अशीही एक बांधणी आहे. अमेरिकेत 1936 मध्ये एअरस्ट्रीमचा क्लिपर हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर निघाला. विमानासारखे पत्रे आणि विमानासारखेच भरीव रिव्हेट. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात: एक बाहेर हातोडा घेऊन, एक आत लोखंडी ठोकळा दाबून. ठोकळा जागेवर नसेल तर बाहेरचा ठोका कितीही नेमका असो, रिव्हेट बसत नाही. त्यामुळे असा पत्रा बदलायचा तर आतलं अस्तर उतरवावंच लागतं. आत न जाता दुरुस्ती करण्याची सोय त्या बांधणीत नाही, आणि मला ती बांधणी त्याचसाठी आवडते.

रंगाआधी पुट्टी, पण तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून जास्त लागत असेल तर पत्र्याचं काम अजून झालेलं नाही. रंग नेहमी पुढच्या सांध्यापर्यंत न्यायचा, कारण उन्हात फिकटलेल्या पांढऱ्याशेजारी नवा पांढरा मध्येच थांबवला की पट्टा दिसतो. रंग वाळला की पाण्याची परीक्षा. एक माणूस बाहेर नळी घेऊन खालच्या सांध्यापासून सुरू करतो आणि सावकाश वर सरकतो. दुसरा आत बॅटरी घेऊन बसतो. वरून सुरुवात केली तर सगळीकडे पाणी ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

पत्रा बदलताना आणखी एक मर्यादा पाळावी लागते. बाहेरचा पत्रा शोभेपुरता नसतो, तो सांगाड्याला तिरकं होऊ देत नाही. मालक कधी म्हणतात, उघडलंच आहे तर इथे एक मोठी खिडकी काढा. मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही, आणि कायदा नसता तरी ताण पेलणारा पत्रा कापणं मला मान्य झालं नसतं.

आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीट मेटलचं आणि ऑटो बॉडी दुरुस्तीचं शिक्षण मिळतं. तिथून आलेली मुलं मोजमापात पक्की असतात. मी त्यांना आणखी एकच गोष्ट शिकवतो. अस्तर लावण्याआधी काम थांबवायचं आणि गाडीच्या मालकांना बोलवायचं. घासलेला पाइप, प्रायमर, पट्टी, नवा तुकडा, सगळं त्यांना दाखवायचं आणि फोटो त्यांच्या हवाली करायचे. यात दोन दिवस जास्त जातात. काही मालक कंटाळतात. पण आमच्या धंद्यात चांगलं आणि वाईट काम रंग दिल्यावर सारखंच दिसतं, आणि फरक कळेपर्यंत दोन पावसाळे उलटलेले असतात. तोवर मालकाने कशाच्या भरवशावर राहायचं? आतली बाजू दाखवणं हीच माझ्या कामाची हमी आहे. तुमची गाडी कोणाकडेही द्या, पण अस्तर बंद होण्याआधी जाऊन आत बघा. जो कारागीर आनंदाने दाखवेल, त्याच्याकडेच पुढच्या वेळी जा.